युरोपातलं डॉक्टरकीचं शिक्षण: तास मोजायचे की हात बघायचे?

हिरवी टोपी (धागाकर्ती)

मी मूळची नाशिकची. एमबीबीएस महाराष्ट्रातच केलं, गेली चार वर्षं जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या इस्पितळात मेडिसिनला आहे. आमच्या वॉर्डात सध्या चार ज्युनियर डॉक्टर. एक इथेच शिकलेला. दुसरीही जर्मनच, पण बारावीचे मार्क कमी पडले म्हणून बुडापेस्टला जाऊन जर्मन माध्यमात शिकून आली. तिसरा रुमानियातल्या क्लुजचा. चौथी मी.

बुडापेस्ट आणि क्लुजच्या पदव्या इथे आपोआप चालतात. क्लुजवाल्याला माझ्यासारखीच भाषेची परीक्षा द्यावी लागली, बस्स. माझा अभ्यासक्रम मात्र विषयवार, तासवार तपासला गेला, फाईल एका कार्यालयात अकरा महिने पडून राहिली आणि शेवटी 'ज्ञानपरीक्षा' द्या म्हणाले. तेव्हा खूप चिडले होते. पण खरं सांगू? आयुष्यात दिलेली ती सगळ्यात चांगली परीक्षा. पाय सुजलेल्या एक आजी, खाटेवर बसलेल्या. हिस्टरी घ्या, तपासा, रिपोर्ट लिहा, मग परीक्षकांसमोर मेडिसिन आणि सर्जरी दोन्हींवर प्रश्न. आजींनी मध्येच विचारलं, "तुम्ही माझ्या मोज्यांकडे का बघताय?" मोज्याचं इलॅस्टिक घोट्यावर किती खोल रुतलंय तेच बघत होते. परीक्षक हसले, तिथे मला धीर आला.

आता युरोपीय संघाचा नियम बघा. १९७५ पासून हिशोब तोच: सहा वर्षं किंवा ५५०० तास. २०१३ च्या दुरुस्तीनंतर किमान पाच वर्षं आणि ५५०० तास. एवढं भरलं की एका देशाची पदवी दुसऱ्या देशात चालते. त्या तासांत पेशंटला हात किती वेळा लावला, हे विचारायला कुणी नाही. आमच्याकडे शेवटच्या प्रॅक्टिकल वर्षाला आलेली एक मुलगी परवा मला म्हणाली, "पोट तपासायला शिकलेय, पण बाहुल्यावर."

माझं म्हणणं एवढंच. तासांचा नियम काढून टाका आणि संघातल्या सगळ्या देशांत शेवटी एकच परीक्षा ठेवा, पेशंटच्या खाटेशी. मी दिली तशी. जर्मन असो, रुमानियन असो, सगळ्यांनी द्यायची.

वेताळटेकडी

ताई, लिहिलंय छान, पण पटलं नाही. मी तीस वर्षं मेडिसिन शिकवलं, त्यातली वीस एक वर्षं परीक्षक होतो. लाँग केसची (एका पेशंटला सविस्तर तपासून द्यायची परीक्षा) गंमत तुम्हाला माहीतच असेल. परीक्षेचा पेशंट चार बॅचेस पाहून पक्का मुरलेला असतो. पोराने चहाचे पैसे हातावर ठेवले की तोच हळूच सांगतो, "डॉक्टर, पाणथरी (प्लीहा) वाढलीय, तीन बोटं." खाटेशी घेतली म्हणजे परीक्षा खरी होते असं नाही.

आणि एका मोठ्या परीक्षेने काय होतं ते फ्रान्सकडे बघा. सहाव्या वर्षाच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या क्रमांकावर तुमची शाखा आणि शहर ठरायचं. पोरं वॉर्डातून पळून लायब्ररीत बसायची, ही तिथल्या शिक्षकांची जुनी रड. शेवटी बदलावं लागलं. २०२४ पासून त्या निकालात ३० टक्के वजन ऑस्कीला आहे. (इतरांसाठी: ऑस्की म्हणजे एकेका टेबलावर ठरावीक मिनिटांत एकेक काम. पेशंटच्या जागी बरेचदा नट. ही पद्धत १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीतून आली.) म्हणजे आता पोरं नटांसमोर सहानुभूती पाठ करणार. "मला समजतंय तुम्हाला किती त्रास होत असेल", एक मार्क.

युरोपात सुधारणा कशी पसरली याचा दाखला देतो. १७१४ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये वैद्यकाचे प्राध्यापक बुरहाव्ह यांच्या हाती शिकवण्यासाठी १२ खाटा होत्या. सहा पुरुषांच्या, सहा बायकांच्या. त्या बारा खाटांभोवती उभे राहिलेले विद्यार्थी एडिंबराला गेले, हालर ग्योटिंगनला गेला, व्हान स्वीटनला ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेसाने व्हिएन्नाला बोलावलं. कुठल्या संघाने परिपत्रक काढलं नव्हतं. शिक्षक गेले, पद्धत गेली.

हिरवी टोपी

सर, बारा खाटा कबूल, पण बुरहाव्ह स्वतः खाटेशी यायचे. आमच्याकडे राउंडला हेड डॉक्टर, दोन सिनियर, चार आम्ही, सिस्टर आणि मागे पाच विद्यार्थी. पाचव्याला पेशंट दिसतसुद्धा नाही. पाणथरीच्या किश्श्यावर मात्र मनापासून हसले. आमच्या बॅचला हृदयाच्या झडपेचे काका होते, चार आवाजांचे.

खडीसाखर

मी नेदरलँड्समध्ये, डॉक्टर नाही, मेडिकल कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरीला. दोघांनाही थोडं टोकते.

धाग्यात बोलोन्याचा (युरोपातल्या देशांनी उच्चशिक्षणाची रचना सारखी करायचा करार) उल्लेखच नाही, याचं नवल वाटलं. १९९९ च्या करारानंतर बहुतेक विषयांत तीन वर्षांची बॅचलर, मग मास्टर अशी पायरी आली. मेडिकलला डच लोकांनी ती घेतली, तीन अधिक तीन. फ्लेमिश बेल्जियम, स्वित्झर्लंडनेही घेतली. जर्मनीने बहुतेक ठिकाणी राज्यपरीक्षाच ठेवली. आता ही सुधारणा झाली का? फारशी नाही, असं मी इथे बसूनही म्हणेन. तीन वर्षांचा 'बॅचलर ऑफ मेडिसिन' करतो काय? ना पेशंट पाहू शकत, ना औषध लिहू शकत. शंभरातला एखादा दुसरीकडे वळतो, बाकी सरळ वर चढतात. मधल्या जिन्यावर बाक ठेवलाय, बसत कुणी नाही.

पण डच लोकांची एक गोष्ट तुमच्या दोघांच्या भांडणावरचं औषध आहे. प्रगती चाचणी. १९७० च्या दशकात मास्ट्रिख्टमध्ये सुरू झाली. वर्षातून चार वेळा, पहिल्या वर्षापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांना एकच चाचणी, आणि पातळी पास होऊन बाहेर पडणाऱ्या डॉक्टरची. पूर्वी कागदावर २०० प्रश्न असायचे, चुकलं तर मार्क कापायचे, 'माहीत नाही' लिहिलं तर शून्य. पहिल्या वर्षाचं पोर पानंच्या पानं 'माहीत नाही' करत जायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नसायची. शेवटच्या रात्री घोकून काही हाती लागत नाही, कारण अभ्यासक्रमातलं काहीही येऊ शकतं. वेगवेगळी विद्यापीठं मिळून ती घेतात, त्यामुळे कुठलं कॉलेज कशात कच्चं आहे तेही दिसतं. ताई, तुम्हाला हवी असलेली तुलना इथे आधीपासून आहे. शेवटची मोठी परीक्षा न घेता.

हिरवी टोपी

ही भारीच आहे. पण 'माहीत नाही' कागदावर लिहिणं वेगळं आणि रात्री तीनला पेशंटच्या मुलासमोर म्हणणं वेगळं. हाताचं काय?

ताकभात

मध्येच बोलतो, माफ करा. मुलगी जॉर्जियात तिसऱ्या वर्षाला आहे. एजंट म्हणाला होता, "बोलोन्यातला देश आहे, युरोपभर पदवी चालते." हे खरं आहे का? इथे परत आली तर परदेशी पदवीधरांची परीक्षा आहेच, ३०० प्रश्न, निम्मे मार्क पाहिजेत. मग तिकडे राहिली तर बरं, असा विचार चाललाय घरात.

खडीसाखर

काका, एजंटने दोन गोष्टी एकत्र कालवल्या. जॉर्जिया २००५ पासून बोलोन्यात आहे, बरोबर. म्हणून क्रेडिट जुळतात, अभ्यासक्रम ३६० क्रेडिटचा. पण पदवी आपोआप चालायला देश युरोपीय संघाच्या नियमाखाली हवा, आणि जॉर्जिया संघात नाही. जर्मनीला गेली तर तिलाही हिरव्या टोपीताईंसारखीच फाईल द्यावी लागेल. भारतात परतायचं तर २०२१ चे नियम आताच वाचा. किमान ५४ महिने शिक्षण, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. ही शेवटची अट नंतर समजून उपयोग नसतो.

ताकभात

धन्यवाद. एजंटला आजच फोन करतो. उचलला तर.

मांडवीकाठ

यावरून आमच्या गोव्याची गोष्ट आठवली. पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत वैद्यक-शल्य शाळा काढली. पण तिथून पास झालेल्याला खुद्द पोर्तुगालमध्ये पूर्ण डॉक्टर मानत नसत, तिकडे जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. तीच माणसं आफ्रिकेतल्या वसाहतींत नेमायला मात्र चालत. तेव्हा पदवी कुठे चालते हे ज्ञानावर ठरतं की गरजेवर, हा प्रश्न जुनाच.

आणि ताई, गरज पडली की परीक्षा कशी उडते तेही बघा. कोरोनात १७ मार्च २०२० च्या अध्यादेशाने इटलीने डॉक्टरकीची सरकारी परीक्षाच रद्द केली. पदवीच्या आधी केलेलं तीन महिन्यांचं प्रत्यक्ष काम, एक महिना मेडिसिन, एक सर्जरी, एक फॅमिली डॉक्टरकडे, त्यावर शेरा चांगला असला की पुरे. संकट सरलं तरी परीक्षा परत आणली नाही. मग तुमच्या संघभरच्या परीक्षेला इटली कशाला हो म्हणेल?

वेताळटेकडी

हे इटलीचं मला आवडलं. महिनाभर सोबत काम केलेल्या माणसाचा शेरा दीड तासाच्या परीक्षेपेक्षा मला जास्त विश्वासाचा वाटतो. अट एकच, नापासाचा शेरा लिहायची हिंमत पाहिजे. मी स्वतः तीस वर्षांत किती जणांना लिहिला? दोन. आणि त्यातल्या एकाच्या वडिलांचा फोन आल्यावर एकच.

हिरवी टोपी

सर, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, लक्षात येतंय का? म्हणून तर बाहेरचा परीक्षक हवा. रोज सोबत चहा पिणाऱ्याला नापास करता येत नाही. चला, एक माघार घेते: शेवटी एकच परीक्षा नको. दर वर्षी एक पेशंट, बाहेरचा परीक्षक, आणि खडीसाखरच्या चाचणीसारखं दर वेळी पातळी पूर्ण डॉक्टरची. पहिल्या वर्षाच्या पोराने नुसती नीट हिस्टरी घेतली तरी चालेल. तासांचा नियम मात्र गेलाच पाहिजे, त्यावर ठाम आहे.

खडीसाखर

परीक्षकांची सोय कोण करणार? क्लुजला बाहेरून कोण जाणार, त्याचं विमान, हॉटेल? परीक्षा विभागात बसून हेच बघते दिवसभर.

हिरवी टोपी

दुपारी कँटीनमध्ये क्लुजवाल्याला हा सगळा वाद सांगितला. म्हणाला, "देईन की. मला पेशंटसमोर बसायला काय हरकत? पण मग आपले हेडसुद्धा बसतील ना? त्यांनी शेवटचं पोट कधी तपासलंय?" हेड शेजारच्याच टेबलावर सूप पीत होते.

खडीसाखर, विमानाचं उत्तर माझ्याकडे नाही. आज रात्रपाळी आहे, उद्या बोलू.