प्रति: पाच हजार बॅकलिंकचं पॅकेज घेऊ का?

गुहागरच्या होमस्टेच्या साइटसाठी पाच हजार बॅकलिंकचं (बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटने आपल्या साइटला दिलेली लिंक, गूगल ती रँकिंगसाठी मोजतं) पॅकेज घेऊ का असं वर विचारलंय, तर अजिबात नका घेऊ. असल्या लिंका कुठून येतात ते एकदा उघडून बघा, एकाच पानावर ऑनलाइन कॅसिनो, वजन कमी करायच्या गोळ्या आणि मधेच तुमचा होमस्टे 😄 गूगलने २०१२ ला पेंग्विन नावाचं, असल्या बनावट लिंका पकडणारं अपडेट आणलं ते यासाठीच, आणि २०१६ पासून तर ते मेन अल्गोरिदममध्येच आहे, त्यामुळे बहुतेक वेळा अशी लिंक सरळ मोजलीच जात नाही, म्हणजे पैसे पाण्यात. मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेली कारवाई, आली तर मात्र बोंबच. अमेरिकेत जेसीपेनी या मोठ्या दुकान-साखळीचं २०११ ला तेच झालं, न्यूयॉर्क टाइम्सने पेड लिंकांचं प्रकरण बाहेर काढलं आणि सॅमसोनाइट बॅगांच्या एका सर्चला पहिल्या नंबरवर असलेलं दुकान दोन तासांत ७१ वर!

विकिपीडियात लिंक घुसवायचा सल्लाही आलाय, पण तिथल्या बाहेरच्या लिंका २००७ पासून नोफॉलो आहेत (म्हणजे ‘ही लिंक रँकिंगसाठी मोजू नका’ अशी सर्च इंजिनला खूण), आणि कोणीतरी उडवतंच.

त्यापेक्षा दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वेळा, गाडी चढवायचं भाडं, चिपळूण स्टेशनवरून कसं यायचं असं एक नीट पान बनवा आणि वेळा बदलल्या की लगेच अपडेट करा, कोकण ट्रिपवर लिहिणारे लोक अशा पानाला आपणहून लिंक देतात. कोणाला लिंक मागितलीत तरी लिंक कुठल्या शब्दांवर द्यायची ते त्यांचं त्यांना ठरवू दे, सगळीकडे ‘बेस्ट होमस्टे इन गुहागर’ दिसलं की गूगलला लगेच संशय येतो.