अ‍ॅनॉटॉमी संघटनेच्या अध्यक्षपदाला गावाकडच्या कॉलेजची मॅडम: मत द्यावं का?

वैनगंगाकाठी (धागाकर्ता)
आमच्या राज्यातल्या अ‍ॅनॉटॉमी (शरीररचनाशास्त्र) शिक्षकांच्या संघटनेची निवडणूक तोंडावर आलीय. पूर्व विदर्भातल्या एका नव्या सरकारी कॉलेजच्या मॅडम अध्यक्षपदाला उभ्या आहेत. सभासदांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी दोनच गोष्टी मांडल्यात: देहदानाचा देह गावातून कॉलेजात आणायला सरकारी गाडी मिळावी आणि नव्या कॉलेजांत कायम शिक्षक भरावेत.

माझं मत त्यांनाच. 2024 मध्ये राज्यात एका दमात 10 सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. त्यातली अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली ही 5 आपल्याकडची. नव्या कॉलेजात पहिली बॅच आली की पहिल्याच वर्षी अ‍ॅनॉटॉमी लागते. हॉल, देह ठेवायच्या टाक्या, टेबलं, देह, माणसं, सगळं आधी आमच्याच विभागाला उभं करावं लागतं. ते करणारं कुणी संघटनेच्या खुर्चीत नको का?

जुना_डिसेक्टर, नागपूर
नको असं नाही, पण 'गावाकडच्या' हा निकष कसा काय? अध्यक्ष म्हणजे अधिवेशन, मंत्रालयाच्या चकरा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाशी पत्रव्यवहार. नव्या कॉलेजच्या विभागात मोठ्या पदावरचं माणूस बहुधा एकच. ते मुंबईला गेलं की टेबलापाशी ट्यूटर आणि पोरं. पहिलं वर्ष पूर्वी दीड वर्षाचं होतं, 1997 च्या नियमांनी ते एक वर्षाचं केलं. त्यात शिकवणारीच गैरहजर राहिली तर डिसेक्शनमध्ये (देहाच्या चिरफाडीत) हात-पाय कसेबसे उरकतात आणि डोकं-मान राहून जातं. आणि खेड्याचं रडगाणं कशाला? सेवाग्रामचं कॉलेज 1969 पासून खेड्यातच आहे ना?

वैनगंगाकाठी
सर, सेवाग्रामला कस्तुरबा दवाखाना आधीपासून होता. लोकांचा विश्वास बसल्यावर कॉलेज आलं. इथं फलक लागला, पोरं आली, आणि आता विश्वास कमवायचा आहे.

झाडीपट्टीवाला
मी डॉक्टर-मास्तर कोणी नाही. पण देहदान काय असते ते आमच्या घरानं पाह्यलं, म्हणून लिहून राह्यलो. मामानं फॉर्म भरून ठेवला होता. गेले ते मे महिन्यात, भर दुपारी. कॉलेजात फोन लावला तं म्हणे, "दाखला घ्या अन् घेऊन या, आमच्याकडं गाडी नाही." पिकअपवाला मयत म्हटल्यावर नाही म्हणे. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ट्रॉली काढली, खाली तणस, वर बर्फाच्या लाद्या, त्यावर ताडपत्री. मामी रस्ताभर ताडपत्रीचं टोक धरून बसली होती. तिथं पोचलो तं गेटवर शिपाई म्हणे, साहेब जेवाले गेले. आता आमच्या गावात फॉर्मचं नाव काढा, लोकं हसतात. ह्या बाई गाडीचं बोलून राह्यल्या, तं काहून नाही म्हणता?

वैनगंगाकाठी
बाहेरच्यांसाठी सांगतो, घाई कशाची असते. देह टिकावा म्हणून मांडीतली फिमोरल धमनी उघडून त्यातून फॉर्मलिनचं द्रावण सोडतात. आपल्या उन्हाळ्यात देह कुजायला वेळ लागत नाही. एकदा फुगायला लागला की द्रावण सगळीकडे पोचत नाही आणि तो देह वर्षभर टेबलावर टिकत नाही. सिरोंचा गडचिरोलीहून 200 किलोमीटरच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा. 1949 च्या अ‍ॅनॉटॉमी कायद्यानं बेवारस देह मिळतात हे खरं, पण त्यांच्याच भरवशावर बॅच काढायची का?

स्पष्टवक्ता_यवतमाळ
ट्रॉलीची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण गाडी देणार जिल्हाधिकारी नाहीतर आमदार. संघटनेच्या खात्यात अधिवेशनाच्या जेवणाचे पैसे निघाले तरी पुष्कळ. दुसरं, कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मॅडम एमबीबीएस नाहीत, एमएस्सी-पीएचडी आहेत. 2020 मध्ये आयोगानं अशा शिक्षकांची मर्यादा 30 वरून 15 टक्क्यांवर आणली, तेव्हा संघटनेत उभी फूट पडली होती. 2025 मध्ये नियम जरा सैल झाले, पण मनं नाही झाली. अशा वेळी त्याच गटाचा अध्यक्ष म्हणजे पुन्हा भांडण.

एमएस्सीवाली
भाऊ, एमडी अ‍ॅनॉटॉमीच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात. एमबीबीएस झालेल्याला रेडिओलॉजी पाहिजे, मेडिसिन पाहिजे. मग अ‍ॅनॉटॉमी शिकवायला उरतं कोण? आम्हीच. टाकीत हात घालायला एमएस्सी चालते, ठरावावर सही करायला नाही! मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. बोलायला फटकळ आहेत, फायली वेळेवर काढत नाहीत, हेही सांगून ठेवते. पण देह आला की रात्री बारालासुद्धा स्वतः हजर असतात.

स्पष्टवक्ता_यवतमाळ
फायली वेळेवर निघत नाहीत हे तुम्हीच सांगितलं, बरं झालं. अध्यक्षाचं अर्धं काम तेच.

झाडीपट्टीवाला
फायलीवाले साहेब जेवाले गेले होते ना बाप्पा!

जुना_डिसेक्टर, नागपूर
हा टोला बसला. डिग्रीचा मुद्दा मला मान्य नाही, तो सोडा. गाडीचं मात्र संघटनेनं शासनाला लिहायलाच हवं, कुणीही निवडून येवो. सर्वसाधारण सभेत मॅडमनी ठराव मांडला तर अनुमोदन माझं. मत अजून नाही. महिन्यातले किती दिवस बाहेर राहणार आणि तेवढे दिवस डिसेक्शन कोण घेणार, हे नावानिशी लिहून द्या म्हणावं. 'व्यवस्था केली जाईल' असलं उत्तर नको, तसली पत्रं मीही आयुष्यभर लिहिलीत.