कनक रेळे यांचं नाव घ्यायलाच हवं

'वय झालं की नर्तकीकडे उरतं काय?' असं कुणी विचारलं आणि मला लगेच नर्तकी कनक रेळे आठवल्या. मुंबईत कायद्याची पदवी घेतलेल्या, कथकली शिकलेल्या कनकताई मोहिनीअट्टम या केरळच्या शास्त्रीय नृत्याच्या ओढीनं तिकडे गेल्या. कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा अशा वयस्क नर्तकींना त्यांनी शोधून काढलं, त्यांचं नृत्य चित्रित केलं. मंच केव्हाच सुटलेल्या त्या बायकांच्या अंगात कला तशीच मुरलेली होती! तीच कनकताईंनी मुंबईत 'नालंदा' या आपल्या नृत्यसंस्थेतून पुढच्या मुलींना दिली, अगदी 2023 मध्ये जाईपर्यंत.

दादरला माझी आत्या साठीनंतरही नृत्य शिकवते. मुलीचं कोपर दोन बोटांनी किंचित वर उचलते, बोलत काहीच नाही. मुलीला नेमकं कळतं. एवढा विश्वास दोन माणसांत दुसरीकडे कुठे पटकन जुळतो, सांगा बरं?