शब्दचर्चा : ढालचिन्ह, तावदान आणि आहेर

झ्युरिकहून :

पुण्याहून कुणी पाहुणे आले की मी त्यांना इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात घेऊन जाते. तिथे सोळाव्या शतकातल्या लहान लहान रंगीत काचा उजेडासमोर लावलेल्या आहेत. बऱ्याचशा वीतदीडवीत उंचीच्या. मधोमध ढाल, ढालीवर अस्वल, बैल किंवा किल्ली, दोन्ही बाजूंना संत नाहीतर निशाण धरलेला शिपाई आणि खाली देणाऱ्याचं नाव व साल. परवा मावशींनी विचारलं, "ह्याला काय म्हणायचं गं?" मी "स्टेन्ड ग्लास" म्हणून मोकळी झाले आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. स्टेन्ड ग्लास म्हटलं की मावशींना कुलाब्याचं अफगाण चर्च आठवतं, उंच खिडक्या, मान वर करून बघायच्या. ही वस्तू तशी नाही. ही जवळ जाऊन, पोथीचं पान वाचावं तशी वाचायची असते.

जर्मनमध्ये हिला 'वापनशायबं' म्हणतात. 'वापन' म्हणजे ढालीवरचं चिन्ह. शस्त्राला इथे 'वाफं' म्हणतात, त्याच घरातला हा शब्द. 'शायबं' म्हणजे चकती, काप किंवा खिडकीची काच. पावाच्या कापालाही हाच शब्द. मला दोन्हींसाठी मराठी हवंय.

साताऱ्याहून :

ताई, पहिल्यासाठी 'कुलचिन्ह' आहे की. आपल्याकडे घराण्याघराण्यांची देवकं असतात, तसंच ते. स्वित्झर्लंडमधल्या प्रांतांच्या ढालींना 'राजचिन्ह' म्हणता येईल.

झ्युरिकहून :

'राजचिन्ह' मला अजिबात पटत नाही, कारण इथे राजाच नव्हता. ढाल बाळगायला सरदार असावं लागत नसे. गिरणीवाल्याच्या ढालीवर जात्याचं चाक, खाटकाच्या ढालीवर सुरा, शेतकऱ्याच्या ढालीवर नांगराचा फाळ. मठाची ढाल वेगळी, कारागिरांच्या संघाची वेगळी. म्हणून 'कुल' सुद्धा अपुरं पडतं. देवक तर त्याहून लांबचं. ते लग्नात बसवायचं, पुजायचं असतं. इथली ढाल पूजेसाठी नाही, "हे आमचं" असं दुरून कळावं म्हणून आहे. 'मानचिन्ह' म्हटलं की सत्कारात शालीबरोबर देतात ते डोळ्यांपुढे येतं.

मला 'ढालचिन्ह' बरं वाटतं. शस्त्राशी असलेलं मूळचं नातं त्यात राहतं आणि मालक कोण ते उघडं राहतं.

नागपूरहून :

ढालचिन्ह चांगला आहे, ठेवा. दुसऱ्या शब्दासाठी शोधाशोध कशाला? खिडकीत बसवलेल्या काचेला आपण 'तावदान' म्हणतोच. आमच्या जुन्या घराला हिरवी-निळी तावदानं होती, दुपारी जमिनीवर त्यांचे चौकोन पडायचे. 'काचचित्र' म्हटलं तर नुसतं चित्र उरतं, खिडकी जाते.

साताऱ्याहून :

काका, अगदी बरोबर. शिवाय तावदानात 'दान' आहेच. ही काच कुणीतरी दिलेली असते असं ताई म्हणाल्या, म्हणजे शब्द आपोआप जुळला.

नागपूरहून :

तिथे जरा थांबा. हा आपला संस्कृत 'दान' नव्हे. फारसी 'ताबदान'. ताब म्हणजे झळाळी, उजेड, आणि 'दान' म्हणजे ठेवायची जागा, जसं अत्तरदान, पानदान. उजेडाचं घर. अर्थ सुंदर आहे, पण देण्याघेण्याशी त्याचा संबंध नाही. देण्यासाठी वेगळा शब्द लागेल.

झ्युरिकहून :

काका, हा खुलासा केलात हे फार बरं झालं, मीही त्या 'दान'ला भुलले होते. आणि देणं हाच या वस्तूचा गाभा आहे. काच महाग होती. कुणी नगरसभागृह, खाणावळ, संघाचं घर किंवा मठाचा ओवरा बांधला की तो मित्रप्रांतांना, शहरांना, मठाधिपतींना विनंती करी : आम्हांला एक खिडकी आणि तुमची ढाल द्या. देणारा खिडकीचा खर्च देई आणि त्यात त्याचं ढालचिन्ह बसे. बाडन गावी प्रांतांच्या प्रतिनिधींची सभा भरे. त्या दालनासाठी प्रांतांनी अशी तावदानं दिली, ती 1501 च्या सुमारास झ्युरिकच्या लुकास त्साइनरने घडवली. त्यांतली काही आज संग्रहालयात आहेत. सभेत बसलेल्या माणसाला वर बघितलं की सोबती कोण ते दिसे. पुढे अशा मागण्या इतक्या वाढल्या की त्याच सभेला त्यांना आवर घालायचे ठराव करावे लागले.

साताऱ्याहून :

अहो, मग हा तर आहेर! वास्तुशांतीला देतात तो. आमच्या आजीच्या फडताळातल्या प्रत्येक पातेल्यावर नाव घातलेलं आहे, कुणाकडून, कुठल्या साली. आज त्या पातेल्यांवरूनच कोण कुणाचं कोण ते आम्हांला कळतं.

झ्युरिकहून :

हेच! 'आहेराचं तावदान'. आहेरात परतफेडही येते आणि नाव घालणंही येतं. मी तीन दिवस शब्दकोश चाळत होते आणि शब्द फडताळात होता.

वसईहून :

संतांबद्दल कुणीच बोललं नाही. 'सेंट' लिहू नका, आम्ही कॅथलिक लोक मराठीत 'संत'च म्हणतो. संत गोन्सालो गार्सिया. पण ढालीशेजारी संत उभा का असतो?

झ्युरिकहून :

दादा, 'संत'च लिहिणार. उभं राहण्याची कारणं दोन. एक, तो त्या गावाचा किंवा मठाचा पाठीराखा असतो. दोन, देणाऱ्याचं नाव त्याच्यावरून ठेवलेलं असतं. देणारा हान्स (म्हणजे योहानच, बोलण्यातलं रूप) असेल तर शेजारी संत योहान. या पहिल्या प्रकाराला कुणीतरी मला 'ग्रामदैवत' सुचवलं होतं.

वसईहून :

ते नको. संत दैवत नाही, तो आपल्यासाठी देवाकडे विनवणी करतो. आम्ही 'आश्रयदाता संत' म्हणतो. तुमचा 'पाठीराखा'ही चालेल, तो बोलण्यात जास्त येतो.

झ्युरिकहून :

मग 'पाठीराखा संत'. झ्युरिकचे पाठीराखे फेलिक्स आणि रेगुला, भाऊबहीण, आपलीच कापलेली शिरं हातात घेऊन उभे असतात. धर्मसुधारणेनंतर झ्युरिकमध्ये 1524 साली चर्चमधल्या प्रतिमा काढल्या गेल्या. तावदानांची प्रथा मात्र टिकली, कारण ढाल ही काही भक्तीची प्रतिमा नव्हती. सुधारणा स्वीकारलेल्या प्रांतांत संतांच्या जागी निशाणधारी शिपाई आणि बायबलमधल्या कथा आल्या, कॅथलिक प्रांतांत संत राहिले.

ग्लारुस प्रांतात तर संत आणि ढाल वेगळी करताच येत नाहीत. लाल ढालीवर काळ्या वस्त्रातला संत फ्रिडोलिन, हेच त्यांचं ढालचिन्ह. आख्यायिका अशी की उर्सुस नावाच्या माणसाने त्याला जमीन दिली. उर्सुस मेल्यावर त्याच्या भावाने हक्क सांगितला, तेव्हा फ्रिडोलिनने मेलेल्या उर्सुसलाच उठवून साक्षीला नेलं. म्हणून कधी कधी त्याच्या शेजारी हाडांचा सापळा उभा असतो.

हे चिन्ह काचेत कसं उतरतं तेही ऐका. आरपार लाल काच जाड असेल तर काळीच दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवलेला असतो. कारागीर संताच्या आकाराचा तेवढा थर घासून काढतो. खालची पांढरी काच उघडी पडते. तिच्यावर धातूची भस्मं आणि काचेची पूड यांच्या काळपट रंगाने चेहरा, घड्या, बोटं काढतो आणि सुईने खरवडून उजळ जागा सोडतो. मागच्या बाजूला चांदीचा लेप देऊन भट्टीत घातलं की तेजोवलय पिवळं होतं. लाल, पांढरा, काळा, पिवळा, सगळं एकाच तुकड्यात, मध्ये शिशाची एकही पट्टी नाही. मी त्या तेजोवलयासमोर बराच वेळ उभी होते. सूर्य ढगाआड गेला की ते मधासारखं होतं.

साताऱ्याहून :

ढालीची उजवी बाजू कुठली धरायची? आपली की तिची?

नागपूरहून :

उजव्या सोंडेचा गणपती म्हणतो तेव्हा उजवी बाजू कुणाची? गणपतीची. तसंच असणार.

झ्युरिकहून :

तसंच आहे, काका. ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणजे आपल्याला डावीकडे दिसते ती. जोडप्याच्या तावदानात नवऱ्याची ढाल तिथे, बायकोची दुसऱ्या बाजूला. दोन ढाली शेजारी आल्या की त्या एकमेकींकडे कललेल्या असतात, आणि नवऱ्याच्या ढालीवरचा प्राणीही बायकोच्या ढालीकडे पाठ करू नये म्हणून उलटा वळवून काढतात.

एकच शब्द राहिला. काच कापण्याआधी कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन करत. चित्रकार धाकट्या हान्स होल्बाइनने बाझल शहरात अशी पुष्कळ केली. कित्येक रेखाटनांत ढाल कोरीच असते, कारण गिऱ्हाईक बदललं की चिन्ह बदलायचं. चौकटीचा डावा खांब एका तऱ्हेचा, उजवा दुसऱ्या, म्हणजे गिऱ्हाइकाने निवडावं. कुठे कुठे रंगांची आद्याक्षरं टिपलेली. ह्याला काय म्हणू? 'आराखडा' लिहिलं तर घर बांधल्यासारखं वाटतं.

नागपूरहून :

खाका.