विषय: मुलांच्या संग्रहालयातले स्वयंसेवक खानदेशातल्या शाळेत

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमची दोन्ही मुले इथे परदेशात मुलांच्या संग्रहालयात दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातात. जूनअखेर आम्ही यावल तालुक्यात सासरी येत आहोत आणि तोवर गावची शाळा सुरू झालेली असेल, म्हणून मुलांनी तिथेही असेच काही काम करावे अशी इच्छा आहे. परंतु ना दालन, ना उपकरणे. खानदेशात परतलेल्या सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

*

ताई, नमस्कार.

परदेशात असताना मी बरीच वर्षे हेच काम केले आणि आता जळगावात राहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दालनाची चिंता करू नये. मुलांसाठीचे जगातले पहिले संग्रहालय ब्रुकलिनला 1899 साली निघाले आणि बॉस्टनचे 1913 साली. पण 1962 मध्ये मायकेल स्पॉक बॉस्टनला संचालक झाले आणि काचेच्या कपाटातल्या वस्तू मुलांच्या हाती आल्या, तेव्हापासून या संग्रहालयांना खरा रंग चढला, असे माझे मत आहे. मुलांच्या हाती देण्याजोग्या वस्तू तर आपल्या शिवारात पडलेल्या आहेत.

घड उतरवलेल्या केळीच्या खोडाचा दोन वितींचा तुकडा टेबलावर ठेवावा आणि मुलाला एवढेच सांगावे, "सोलून बघ." एकेक थर निघत जातो, प्रत्येक थराच्या पोटात हवेचे जाळीदार कप्पे दिसतात आणि शेवटी हातात उरतो तो घड पेलणारा पांढरा दांडा. यावलच्या मुलाने केळीचे खोड जन्मापासून पाहिलेले असते. तरीही ते पानांच्या तळच्या भागांनी एकमेकांभोवती गुंडाळून बनलेले आहे, हे त्याचे त्याला उमगते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत, त्यामुळे मुलांना जुने कपडे घालायला आधीच सांगून ठेवावे.

घरात गेल्या हंगामाचा कापूस असल्यास लाकडी पाटावर लोखंडी सळई फिरवून सरकी वेगळी करता येईल. मोठ्या मुलांसाठी आणखी एक सुचवतो. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे नक्षी कोरलेले, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे तुकडे सापडले आहेत. कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर सुईने दोन समांतर रेघा ओढायला लावल्या, की त्या कारागिराचा हात किती स्थिर असेल ते मुलांना आपोआप कळते.

स्वयंसेवकाचे सर्वांत अवघड काम म्हणजे गप्प राहणे. आपल्याकडे प्रश्न पुरता संपण्याआधीच मोठी माणसे उत्तर देऊन मोकळी होतात. आपल्या मुलांनी "तुला काय वाटतं?" असे विचारून खरोखर थांबावे, आणि आजी-आजोबांना शेजारी बसवावे, कारण गावातली लहान मुले त्यांच्याशी आपल्या बोलीत मोकळेपणाने बोलतील.

मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांची संमती आधी घ्यावी. कोणत्याही मुलासोबत एकट्याने थांबू नये, पालकांना विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत आणि सोबत धाकटी भावंडे आली तर सरकी त्यांच्या हाती लागू देऊ नये, कारण ती घशात अडकू शकते.

आपला,
जळगावचा एक सभासद

*

काका, आपले पत्र मुलांना वाचून दाखवले. मुलगी विचारते आहे, की एखादे मूल हात न लावताच निघून गेले तर काय करायचे?

*

ताई, त्याला खुशाल जाऊ द्यावे, बोलावूही नये. लाजरे मूल इतरांचे पाहून बहुधा पुन्हा फिरकते, म्हणून खोडाचा एक न सोललेला तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवायला तिला सांगावे.