मदत हवी आहे: संशोधन लेख पूर्ण वाचायला कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या, आडबाजूच्या रुग्णालयात काम करतो. परवा रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला. प्रतिविषाचा पहिला डोस देऊन झाला, पण रक्त गोठेना. दुसरा डोस कधी आणि किती, हे मोबाइलवर शोधत बसलो. पबमेड या वैद्यकीय लेख शोधायच्या साइटवर नेमका हवा तो लेख सापडला, पण सारांशापुढे गेलो की ‘पैसे भरा’! शेवटी वरिष्ठांना झोपेतून उठवलं. रुग्ण बरा आहे, पण दर वेळी हे कसं चालणार?

पबमेडमध्ये ‘फ्री फुल टेक्स्ट’ची (पूर्ण लेख मोफत असलेल्यांचीच) चाळणी लावतो, पूर्ण लेख मोफत देणारं, २००० साली सुरू झालेलं पबमेड सेंट्रलही वापरतो. लेखाची मोफत प्रत शोधून देणारं अनपेवॉल ब्राउझरला जोडलंय. कधी लेख मिळतो, कधी नाही. एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेच्या उपचार-मार्गदर्शिका फोनवर उतरवून ठेवल्यात, नेट गेलं तरी चालतात. त्या मात्र खरंच कामाच्या.

खरा प्रश्न हिनारीचा. वैद्यकीय नियतकालिकं ऑनलाइन वाचायची, जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुरू केलेली ही सोय ‘अ’ गटातल्या, म्हणजे सर्वात गरीब, देशांना मोफत आणि ‘ब’ गटाला अल्प शुल्कात मिळते. पण नोंदणी संस्थेच्या नावावर होते, एकट्या डॉक्टरच्या नाही. आमच्याकडे ग्रंथपाल सोडा, कपाटभर पुस्तकंही नाहीत. अशा छोट्या रुग्णालयाची नोंदणी कोणी केली आहे का? अर्जावर सही कोणाची चालली? आणि लेखकाला थेट मेल करून लेख मागितला तर उत्तर येतं का, की उगाच वाट बघायची?