ऑक्टोपॅडचा एक पॅड मुका, शेजारचा मात्र न मारता वाजतो

प्रश्न – तालवेडा

माझ्याकडे नव्वदच्या दशकातील आठ पॅडचा ऑक्टोपॅड (स्टिकने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) असून भजनी मंडळात तो अजूनही नियमित वाजवला जातो. अलीकडे तिसरा पॅड जोरात मारल्याशिवाय बोलत नाही, सहावा पूर्ण मुका झाला आहे आणि सहाव्यावर स्टिक मारली की सातव्याचा आवाज येतो. एका कारागिराने मुख्य बोर्डच बदलावा लागेल असे सांगितले. परंतु इतका जुना बोर्ड मिळणे अवघड असल्याने, दोष खरोखर तिथेच आहे का हे घरी तपासता येईल काय?

उत्तर – लयकार

बोर्डावर ठपका ठेवण्यापूर्वी वीजपुरवठा काढून झाकण उघडावे. प्रत्येक पॅडखाली पितळी चकतीचा पीझो सेन्सर (आघाताच्या थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) असतो व त्याच्या दोन तारा बोर्डाकडे जातात. सहाव्या व सातव्या पॅडचे कनेक्टर आपापसांत बदलून पाहा. सातवा पॅड मारल्यावर सहाव्याचा आवाज आला, तर बोर्ड निर्दोष असून बिघाड सहाव्याच्या सेन्सरमध्ये किंवा तारेत आहे.

सातव्याची दुरुस्ती मात्र करायला जाऊ नका, कारण त्याचा काहीच दोष नसावा. कोणताही पॅड मारला की सगळा सांगाडा थरथरतो आणि शेजारच्या सेन्सरमध्येही क्षीण संकेत उमटतो. एरवी सर्वांत जोरकस संकेत स्वीकारून यंत्र बाकीचे दाबून टाकते. सहावाच गप्प असल्याने सातव्याच्या थरथरीला दाबणारे कोणी उरलेले नाही.

उत्तर – जुना मेकॅनिक

वरील निदान मला पटते. मात्र चकती बदलायची झाल्यास मूळ व्यास मोजूनच नवी घ्यावी. २७ आणि ३५ मिलिमीटरच्या चकत्या मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. मधल्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग करताना टोक एक-दोन सेकंदांहून अधिक टेकवू नये, नाहीतर चांदीचा पातळ थर उचलला जातो आणि नवी चकती तिथेच वाया जाते. मधली तार कोणती व पितळेची कोणती, हे आधी लिहून ठेवावे. तिसऱ्या पॅडची चकती बहुधा केवळ सुटली असेल; जुना गोंद पूर्ण खरवडून ती इपॉक्सीने सपाट बसवावी. जाड फोमची दुहेरी टेप मला आवडत नाही, कारण ती हलका ठेका गिळते.

तालवेडा

कनेक्टर बदलताच सातव्या पॅडवर सहाव्याचा आवाज स्वच्छ आला. सहाव्याची तार चकतीपाशीच तुटली होती. ती जोडल्यावर सातवा आपोआप शांत झाला. तिसऱ्याची चकती अर्धी निसटली होती. ती चिकटवल्यानंतर तो पॅड इतरांपेक्षा जास्तच तिखट झाला, म्हणून त्याची संवेदनशीलता दोन पायऱ्यांनी कमी केली आहे.